पदकाची मागची बाजू : प्रबोधनकाळातील इटलीची व्यक्तिपदके कशी वाचायची?



युरोपातील प्रबोधनकाळ शिकवताना आपण साधारणपणे लिओनार्दो, मायकेलअँजेलो आणि छपाईचा शोध एवढ्यावर येऊन थांबतो. मुलं नावं आणि सनावळ्या पाठ करतात. उत्तरात एक ठरलेलं वाक्य लिहितात, ‘प्राचीन ग्रीक-रोमन विद्येचे पुनरुज्जीवन झाले.’ गुणही मिळतात. पण पुनरुज्जीवन म्हणजे नक्की काय झालं? कोणी, कशासाठी, कोणती जुनी गोष्ट पुन्हा हातात घेतली? हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचं असेल तर एक छोटीशी वस्तू फार उपयोगी पडते. ती म्हणजे पंधराव्या शतकात इटलीत तयार होऊ लागलेलं व्यक्तिपदक. आजच्या लेखात आपण ही पदकं वाचायला शिकू या. हो, वाचायलाच!

हे पदक म्हणजे काय?

पदक म्हटलं की आपल्याला शर्यत, रंगीत फीत आणि टाळ्या आठवतात. इथे तसं काही नाही. हे पदक जिंकायचं नसे, गळ्यात घालून मिरवायचंही नसे. ते चलन नव्हतं, त्यामुळे त्याने बाजारात काही विकत घेता येत नसे. तळहातावर मावेल अशी ही ब्राँझची किंवा शिशाची गोल चकती. पुढच्या बाजूला एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा आणि कडेने त्याचं नाव. मागच्या बाजूला एखादं चित्र, बहुधा कोड्यासारखं.

राजे, सरदार, विद्वान अशी पदकं करवून घेत आणि मित्रांना, नातेवाइकांना, दुसऱ्या दरबारांना भेट पाठवत. एकाच साच्यातून अनेक प्रती निघत. छायाचित्र नव्हतं, छपाई अजून यायची होती, अशा काळात आपला चेहरा दूरच्या गावी पोचवण्याचा हा उत्तम मार्ग होता. शिवाय रंगवलेलं चित्र फाटतं, जळतं, विटतं. धातू टिकतो. ‘माझ्यामागे माझं नाव राहावं’ ही इच्छा या चकतीच्या मुळाशी आहे.

कल्पना आली कुठून?

रोमन नाण्यांवरून. रोमन सम्राटांच्या नाण्यांवर पुढे सम्राटाचा चेहरा असे आणि मागे एखादी देवता किंवा एखाद्या गुणाला दिलेलं मानवी रूप. पंखवाली बाई दिसली की ती विजयदेवता. हातात सुकाणू असेल तर ती भाग्यदेवता फोर्तुना. सापाला खाऊ घालणारी सालुस, म्हणजे आरोग्याची आणि क्षेमकुशलाची देवता. फळाफुलांनी भरलेलं शिंग म्हणजे समृद्धी. ज्याला फारसं वाचता येत नाही त्यालाही मागचं चित्र पाहून कळावं की हा सम्राट आपल्याला काय देऊ करतोय.

शेतात, पडक्या इमारतींत ही नाणी सापडत आणि इटलीतले विद्वान ती जमवत. कवी पेत्रार्क हा त्यांतला एक. १३५४ साली मांतुआ इथे त्याची भेट सम्राट चौथा चार्ल्स याच्याशी झाली. तेव्हा त्याने सम्राटाला काही प्राचीन रोमन नाणी भेट दिली. हेतू असा की त्यावरचे जुने सम्राट पाहून नव्या सम्राटाने त्यांच्यासारखं व्हावं. म्हणजे नाणं इथे धडा झालं! ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. जुनी वस्तू नुसती जपून ठेवणं वेगळं आणि तिच्याकडून काही शिकायचं आहे असं मानणं वेगळं. प्रबोधनकाळाची खूण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

पिसानेल्लो नावाचा चित्रकार

१४३८ साली इटलीतल्या फेरारा शहरात एक मोठी धर्मपरिषद भरली. पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं ख्रिस्ती धर्मपीठ एकत्र यावं, हा तिचा हेतू. त्यासाठी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठवा जॉन पालायोलोगस स्वतः आला होता. तुर्कांविरुद्ध त्याला मदत हवी होती. त्याचा पोशाख, त्याची उंच टोकदार टोपी पाहून लोक थक्क झाले. पिसानेल्लो या चित्रकाराने त्याचं सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचं पदक केलं. पुढे टोपीसह चेहरा. मागे घोड्यावर बसलेला सम्राट, रस्त्याकडेच्या क्रुसापुढे हात जोडलेला. व्यक्तिपदकांच्या परंपरेची सुरुवात साधारणपणे या पदकापासून मानली जाते.

करण्याची पद्धत साधी पण कौशल्याची होती. आधी मेणात दोन्ही बाजूंचे उठाव करायचे. त्यांचा ठसा घेऊन साचा बनवायचा. साच्यात वितळलेला धातू ओतायचा आणि थंड झाल्यावर कडा घासून साफ करायच्या. रोमन नाणी ठशाने ठोकून पाडलेली असत, ही पदकं ओतीव होती. त्यामुळे ती आकाराने मोठी करता आली, आणि चेहऱ्याच्या सुरकुत्या, केसांची बट असे बारकावे मेणात निवांतपणे करता आले. पिसानेल्लो आपल्या पदकांवर लॅटिनमध्ये सही करी, ‘ओपुस पिसानी पिक्तोरिस’, म्हणजे ‘चित्रकार पिसानोचे काम’. पदक धातूचं, पण सही करताना तो स्वतःला चित्रकारच म्हणवतो, हे लक्षात घ्या.

पहिलं कोडं : गाणारा सिंह

आता एक पदक वाचून पाहू. फेराराचा सरदार लिओनेल्लो देस्ते. १४४४ साली त्याचं लग्न आरागॉनचा राजा अल्फोन्सो याच्या मुलीशी, मारियाशी झालं. त्या निमित्ताने पिसानेल्लोने पदक केलं. मागच्या बाजूला एक सिंह उभा आहे. त्याच्यासमोर पंख असलेला छोटा मुलगा गाण्याचा कागद उलगडून धरून आहे. सिंह गाणं शिकतोय!

मुलांना विचारा, हे काय असेल? हळूहळू उकल करू द्या. लिओनेल्लो या नावाचा अर्थ छोटा सिंह. पंखवाला मुलगा म्हणजे रोमन प्रेमदेव क्युपिड. म्हणजे प्रेमाने सिंहाला गायला शिकवलं. बाजूला फांदीवर गरुड बसलाय. ती देस्ते घराण्याची खूण. मागे एका खांबावर वाऱ्याने फुगलेलं शीड आहे, हेही घराण्याचंच चिन्ह, आणि त्याच खांबावर साल कोरलंय. कडेच्या अक्षरांत ‘आरागॉनच्या राजाचा जावई’ असं थोडक्यात लिहिलेलं आहे.

पाहा, एका चकतीत किती गोष्टी आल्या. नावावरची कोटी, एक रोमन देव, घराण्याची दोन चिन्हं आणि मोठं सासर मिळाल्याचा अभिमान. क्युपिड प्राचीन आहे, पण त्याला लावलेलं काम त्या वर्षीचं, त्या लग्नापुरतं आहे.

यातून वाचण्याची एक सोपी पद्धत मिळते. तीन प्रश्न विचारायचे. चित्रातली कोणती गोष्ट या माणसाच्या नावाशी किंवा घराण्याशी जोडलेली आहे? कोणती गोष्ट जुन्या कथांतून आली आहे? आणि कोरलेले शब्द त्या चित्राला कोणत्या बाजूला वळवतात?

एक शिक्षक आणि त्याची विद्यार्थिनी

आता ज्या दोन पदकांसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येऊ. कारण त्यांत एक आपल्यासारखा शिक्षक आहे.

व्हित्तोरिनो दा फेल्त्रे हा १४२३ साली मांतुआला आला. तिथल्या गोंझागा घराण्याच्या मुलांना शिकवण्यासाठी त्याला बोलावलं होतं. त्याच्या शाळेला नाव पडलं ‘काझा जोकोझा’, म्हणजे आनंदघर. तिथे लॅटिन आणि ग्रीक, गणित, संगीत आणि मैदानावरचे खेळ असं सगळं होतं. सरदारांच्या मुलांबरोबर गरीब घरची हुशार मुलंही तो शिकवायला घेई आणि त्यांचा खर्च स्वतः सोसत असे. आणि मुलांच्या बरोबरीने सरदाराची मुलगी चेचिलियाही शिकत होती. लहानपणीच ती ग्रीक वाचू-लिहू लागली.

व्हित्तोरिनो १४४६ साली वारला. पिसानेल्लोने त्याचं जे पदक केलं, त्याच्या पुढच्या बाजूला उंच टोपी घातलेला एक कृश, साधा चेहरा आहे. मागे पेलिकन पक्षी आपल्या छातीला चोच मारून पिल्लांना स्वतःचं रक्त पाजतोय. कडेने शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘गणिती आणि सर्व मानव्यविद्येचा पिता’.

इथे थोडं थांबू. पेलिकनची ही गोष्ट मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेतली. तिथे तो पक्षी ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण मानला जाई. आणि ‘मानव्यविद्या’ हा शब्द थेट रोमन लेखकांकडून उचललेला. म्हणजे चित्र मध्ययुगाचं, शब्द रोमचा, आणि दोन्ही मिळून वर्णन एका शिक्षकाचं. पाठ्यपुस्तकात आपण ‘मध्ययुग संपले, प्रबोधनकाळ सुरू झाला’ अशी रेघ मारतो. या चकतीवर ती रेघ सापडत नाही. लोकांनी जुनं टाकून त्याहून जुनं घेतलं असं झालं नाही. हाताशी होतं त्यात नव्याने सापडलेलं मिसळलं आणि आपल्याला म्हणायचं होतं ते म्हटलं.

आता चेचिलिया. तिचं लग्न वडिलांनी उर्बिनोच्या ओद्दान्तोनियो दा मोंतेफेल्त्रो याच्याशी ठरवलं होतं. तिने नकार दिला. तिला मठात जायचं होतं. त्या काळात अशा घराण्यातल्या मुलीपुढे वाटा दोनच, लग्न किंवा मठ. ज्या मुलीला पुस्तकांची गोडी लागली आहे तिच्यासाठी मठ ही केवळ भक्तीची निवड नव्हती, अभ्यास चालू ठेवण्याची शक्यताही तिथेच होती. वडिलांचा विरोध होता. १४४४ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी चेचिलिया आईबरोबर मठात दाखल झाली.

तिचं पदक १४४७ सालचं. पुढच्या बाजूला ती जोगिणीच्या वेशात नाही, दरबारी पोशाखात आहे, केस वर बांधलेले. कडेने लिहिलंय की ही कुमारिका चेचिलिया, मांतुआच्या सरदाराची मुलगी. मागे खडकाळ माळरान, वर चंद्रकोर. एक तरुणी खडकावर बसली आहे, प्राचीन शिल्पातल्या देवतेसारखी, अंगावर अर्धंच वस्त्र. तिच्या मांडीशी एक केसाळ, बकऱ्यासारखा दिसणारा युनिकॉर्न शांतपणे पहुडलाय. बाजूला दगडी खांब, त्यावर पिसानेल्लोची सही आणि साल.

वाचून पाहू. चंद्रकोर ही रोमन देवता डायनाची खूण. डायना अविवाहित राहणारी, रानात स्वतःच्या मर्जीने फिरणारी शिकारीण. युनिकॉर्न मात्र मध्ययुगीन प्राणिकथांमधला. तो कुणालाच सापडत नाही, फक्त कुमारिकेपाशी आपण होऊन येतो, अशी समजूत. म्हणजे एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली आहे. ज्याने मठातल्या गोष्टी ऐकल्यात त्याला युनिकॉर्न कळेल. ज्याने रोमन कवी वाचलेत त्याला चंद्रकोर कळेल. आणि चेचिलियाला स्वतःला, व्हित्तोरिनोच्या हाताखाली शिकल्यामुळे, दोन्ही कळत असणार.

मला हे पदक वर्गात न्यावंसं वाटतं ते याच कारणासाठी. एका मुलीने ‘नाही’ म्हटलं. तिचं म्हणणं घरात वाद ठरलं होतं. पदकावर तेच म्हणणं सन्मान म्हणून उभं आहे, आणि त्याला हा मान मिळवून देणारी चिन्हं तिच्या शिक्षणातूनच आलेली आहेत. पण त्याचबरोबर एक प्रश्नही मुलांपुढे ठेवा. पदकावर तिच्या ग्रीकचा, तिच्या पुस्तकांचा कुठेच उल्लेख नाही. शिक्षकाच्या पदकावर विद्या आहे, विद्यार्थिनीच्या पदकावर फक्त कौमार्य. असं का असेल? आठवी-नववीची मुलं यावर फार चांगलं बोलू शकतात.

चित्र तेच, शब्द बदलले

चिन्हांचा अर्थ ठरलेला असतो असं मुलांना वाटतं. घुबड म्हणजे शहाणपण, तराजू म्हणजे न्याय, झालं! तसं नाही, हे दाखवायला फ्लॉरेन्समधली दोन पदकं उत्तम आहेत. दोन्ही १४८०-९० च्या सुमाराची आणि निक्कोलो फिओरेन्तिनो या कलाकाराच्या नावाने ओळखली जाणारी. दोन्हींच्या मागे प्राचीन शिल्पातल्या त्याच तीन बहिणी उभ्या आहेत. यांना ग्रेसेस म्हणतात, सौंदर्य आणि प्रसन्नता देणाऱ्या देवता.

एक पदक तरुण तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरान्दोला याचं. तिथे शब्द आहेत ‘सौंदर्य, प्रेम, आनंद’. दुसरं जोव्हान्ना तोर्नाबुओनी हिचं. तिथे शब्द आहेत ‘शील, सौंदर्य, प्रेम’. तिघी त्याच. पण तत्त्वज्ञ पुरुषाच्या पदकावर यादी आनंदापर्यंत पोचते, आणि नव्या सुनेच्या पदकावर आनंद गळून शील पहिल्या जागेवर येतं. एका शब्दाच्या बदलाने समाज आपली अपेक्षा सांगून जातो. मुलांना दोन्ही चित्रं शेजारी दाखवा आणि फक्त एवढंच विचारा, ‘काय बदललं?’

चिन्ह हा पुरावा नसतो

२६ एप्रिल १४७८ रोजी फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मेदिची बंधूंवर हल्ला झाला. धाकटा जुलियानो मारला गेला. थोरला लोरेन्झो जखमी होऊन वाचला. त्यानंतर बेर्तोल्दो दी जोव्हान्नी याने पदक केलं. एका बाजूला लोरेन्झोचं मस्तक आणि शब्द ‘सालुस पुब्लिका’, म्हणजे जनतेचे क्षेम. दुसऱ्या बाजूला जुलियानो आणि ‘लुक्तुस पुब्लिकुस’, म्हणजे जनतेचा शोक. दोन्हींखाली हल्ल्याचा प्रसंग बारीक आकृत्यांत.

वर पाहिलेली सापाला खाऊ घालणारी सालुस आठवते ना? रोमन नाण्यांवरची तीच देवता इथे शब्द होऊन आली. लोरेन्झो कुठल्याही पदाने राजा नव्हता. फ्लॉरेन्स हे प्रजासत्ताक होतं. पण एका घराण्यातला माणूस वाचला म्हणजे सगळ्या जनतेचंच कल्याण झालं, असं हे पदक सांगतं. रोमन शब्द वापरल्यामुळे ते भारदस्त वाटतं, म्हणून खरंच मानायचं का? पदकाची मागची बाजू हा त्या माणसाचा स्वतःबद्दलचा दावा असतो. तो दावा म्हणूनच वाचायचा. इतिहासाचं साधन तपासताना हे जितकं लागू पडतं, तितकंच आजच्या जाहिराती आणि निवडणुकीचे फलक पाहतानाही.

याच्या उलट टोकाला लिऑन बात्तिस्ता आल्बेर्ती या वास्तुविशारदाचं पदक आहे, मात्तेओ दे पास्ती याने केलेलं. मागे लॉरेलच्या पानांचं वर्तुळ, मध्ये पंख फुटलेला एक डोळा, खाली दोन शब्द, ‘क्विद तुम’. मराठीत ‘मग काय?’ किंवा ‘पुढे काय?’ मोठेपणाचं लॉरेल आहे, सगळं पाहणारा वेगवान डोळा आहे, आणि शेवटी मात्र प्रश्न. दाव्याऐवजी प्रश्न कोरून घेणारा माणूस मुलांच्या चटकन लक्षात राहतो.

आपल्याकडचा धागा आणि वर्गातला उपक्रम

नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला चिन्ह, ही ग्रीकांची रीत पूर्वेकडेही आली होती. नाशिक परिसरावर राज्य केलेल्या क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी पाहा. पुढे त्याचा बाजूने दिसणारा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे सापडलेल्या साठ्यातली त्याची हजारो नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं वर ठोकून पुन्हा चालवली. चिन्ह बदललं की सत्ता बदलल्याचं जाहीर होतं! पिसानेल्लोच्या आधी १३०० वर्षं हीच भाषा आपल्या मातीत बोलली जात होती.

आता उपक्रम. साधा आहे, दोन तासिकांत होतो. वाटी ठेवून जाड कागदावर दोन वर्तुळं काढायची आणि कापून पाठीला पाठ लावून चिकटवायची. पुढे घरातल्या एका व्यक्तीचा बाजूने दिसणारा चेहरा आणि कडेने नाव. मागे त्या व्यक्तीचा एक गुण सांगणारं चित्र. अटी तीनच. एक चिन्ह नावाशी, गावाशी किंवा कामाशी जोडलेलं हवं. एक चिन्ह जुन्या गोष्टीतून घेतलेलं हवं, मग ती पंचतंत्रातली असो की पुराणातली. आणि शब्द जास्तीत जास्त तीन.

पदक स्वतःचं करायचं नाही, दुसऱ्याचं करायचं, एवढं जरूर सांगा. कारण मग मुलांना त्या व्यक्तीला विचारावं लागतं, ‘आजी, तुझ्या पदकामागे काय काढू?’ पालकहो, हा प्रश्न तुमच्याकडे आला तर ‘काढ काहीही’ म्हणून टाळू नका. आणि मुलाने काढलेलं तुम्हाला पटलं नाही, तर तेही सांगा. आपल्या मागच्या बाजूला काय असावं हे दुसऱ्या कोणी ठरवलं की कसं वाटतं, हे मुलांना तिथे कळेल. चेचिलियाचं पदक त्यानंतर पुन्हा एकदा वर्गात दाखवा. या वेळी मुलांचे प्रश्न वेगळे असतील.

उपक्रम करून पाहिलात तर मुलांनी कोणती चिन्हं निवडली ते जरूर कळवा.